मुशीवाली आत्या

निर्मलाआत्यांच्या खोलीत कुणाला काही खाता-पिता येत नसे. पाण्याचा घोटसुद्धा नाही. बुऱ्हाणपुरात विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे हे फार डोळ्यांवर यायचं. मी लग्न होऊन रावेरहून आले त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ घेऊन शेजारच्या घराचा जिना चढले. आत्या दारातच उभ्या होत्या. नाकातोंडाला मलमलचं फडकं, डोक्याला रुमाल आणि मनगटांपर्यंत पांढरेफटक हात. साठीच्या आतबाहेरच्या, बारीक अंगाच्या. डोळे सतत कशाची तरी चाहूल घेणारे.

"तो तिळगूळ खाली भावजयीकडे, शोभाकडे ठेव," त्या म्हणाल्या. "इथे आणायचा नाही."

"नुसता हातावर देते, आत्या."

"हातावर तर मुळीच नको. आणि जाताना खालच्या नळावर हात धू. साबणाने, दोनदा."

"पण मी कशाला हात लावलाच नाही."

"लावलास. जिन्याच्या कठड्याला लावलास."

मी अपमान गिळून खाली आले. रागाने हात धुतलेच नाहीत. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "माय, ती बाई वर काय करून राहिली कोणाला माहीत. तोंडाला फडकं, पांढरी भुकटी. तिच्या वाऱ्यालाही उभी नको राहू." शनवारा दरवाजाजवळच्या आमच्या गल्लीत बहुतेकांचं हेच मत होतं. कुणी म्हणे करणी करते, कुणी म्हणे चिकट आहे. बायका आपल्या लेकरांना त्या जिन्याखाली खेळू देत नसत.

आत्या करत होत्या मुशी. सोनार ज्यात सोनं वितळवतो ती भट्टीत टिकणारी वाटी म्हणजे मूस. आत्यांची मूस मात्र सोन्यासाठी नव्हती. एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. मदतनीस म्हणून लागल्या आणि चिनीमातीच्या, भट्टीच्या कामात तरबेज होऊन निवृत्त झाल्या. त्या संस्थेत काळे, नखाएवढे स्फटिक वाढवत. खूप थंड केलं की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. अतिवाहक म्हणतात त्यांना. हे स्फटिक ज्या तापलेल्या रसातून वाढतात तो रस आठवडे न् आठवडे मुशीत ठेवावा लागतो, आणि तो भारी वाईट.

"भांडं खातो तो, सुनंदा," आत्यांनी मला एकदा सांगितलं. "प्लॅटिनमसुद्धा खातो. खाल्लेलं भांडं रसात उतरतं आणि स्फटिक बाटतो. आणि भांडं टिकलंच, तर हा भिंत चढून वरून बाहेर येतो. घरात चोर असला तर निदान झोपतो तरी. हा झोपत नाही."

हे त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा स्वतःचा हात गळ्याशी गेला होता. त्या अशाच बोलायच्या, म्हणजे कुणीतरी मागून ऐकतंय असं.

बेरियम आणि झिर्कोनियम अशा दोन धातूंच्या संयुगांच्या भुकट्या एकत्र भाजून जो पदार्थ होतो, त्याची मूस तेवढी या रसाला पुरून उरते. पण ती इतकी घट्ट आणि निर्मळ लागते की चिमूटभर साधी माती मिसळली तरी रस तिथूनच पोखरतो. संस्थेतल्या नव्या पोरांच्या मुशी फुटायच्या. म्हणून निवृत्तीनंतर संस्थेने आत्यांनाच विचारलं, मुशी करून द्याल का. आत्या धाकट्या भावाकडे, प्रभाकररावांकडे, वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. गच्चीच्या खोलीत त्यांनी विजेची छोटी भट्टी बसवली. भुकट्या मिसळायच्या, भाजायच्या, दळायच्या, रबरी पिशवीत भरून हाताने चालवायच्या यंत्राच्या दाबाखाली धरायच्या आणि तयार झालेली कच्ची मूस कानशीने घासून गुळगुळीत करायची. शेवटची मोठी भाजणी संस्थेच्या भट्टीत. तिकडे जाताना त्या कच्च्या मुशी पिंजलेल्या कापसात गुंडाळून गाडीत मांडीवर धरून बसत आणि भुसावळला चहासुद्धा घेत नसत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो गणितामुळे. मी शाळेत गणित शिकवायची. कच्ची मूस पक्की भाजली की साधारण पाचव्या हिश्शाने आकसते, आणि साचा किती मोठा घ्यायचा याचा हिशेब आत्यांना दर वेळी नव्याने घाबरवायचा. एक दिवस जिन्यावरूनच त्यांनी हाक मारली, "तुला त्रैराशिक येतं ना?" तेव्हापासून मी दर रविवारी दारातल्या स्टुलावर बसून आकडे मांडून देऊ लागले. त्या तीन-तीनदा ताळा करायला लावत. एकदा वैतागून मी म्हणाले, "आत्या, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे. पेन्सिलीवर नाही."

मूस पक्की होऊन परत आली की त्या तिला निळी शाई फासत आणि पुसून उन्हात धरत. केसाएवढी चीर असली तर शाई तिच्यात राहते. चीर दिसली की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि नाही दिसली तर आणखी उतरायचा. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही," म्हणायच्या.

मी एकदाच विचारलं होतं, "ही पांढरी भुकटी विषारी आहे का?" त्यांनी कानस खाली ठेवली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माती आहे. माती कोणी खातं का?" मला ते उत्तर पुरलं. त्या उत्तर द्यायला इतक्या थांबल्या का, हे मी विचारलं नाही.

तो श्रावणातला सोमवार होता. आत्या चार दिवसांपूर्वी संस्थेत गेल्या होत्या, दुपारच्या गाडीने परतणार होत्या. त्या नसताना ट्रान्सपोर्टवाला एक खोकं टाकून गेला होता. पावसाने भिजलेलं, आतली पिशवी फाटलेली. शोभावहिनी म्हणजे प्रभाकररावांची बायको. टापटिपीची भारी हौस. नणंदेचा माल सांडून वाया जाऊ नये म्हणून तिने भुकटी धुतलेल्या बरणीत भरली आणि मधल्या खोलीच्या फळीवर ठेवली. पिशवीवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. त्याच फळीवर, तशाच बरणीत, तिचं आरारोट होतं. इकडे मावा जिलबीत घालतात, उपासाला दुधात शिजवतात, तेच.

आमच्या सासूबाई सकाळी तिच्याकडे वाटीभर आरारोट मागायला गेल्या. शोभावहिनी पूजेला बसली होती. तिने आतूनच सांगितलं, "फळीवर बरणीत आहे, घ्या." सासूबाईंनी घेतलं. घरी येऊन दुधात घातलं. दूध काही केल्या दाटेना. "जुनं दिसते आरारोट," असं म्हणून त्यांनी आणखी दोन चमचे घातले.

शाळा सकाळची होती. साडेअकराला मी घरी आले ती भुकेने कासावीस. सासूबाईंची पोथी व्हायची होती, त्यांनी माझा पेला काढून ठेवला होता. मी उभ्या उभ्या प्यायले. तळाशी दातांखाली खडूसारखं काही आलं, ते पाण्याने खाली लोटलं.

तासाभराने पोट ढवळलं. उलट्या, जुलाब. उपासाचं पित्त असेल असं वाटलं. मग ओठांभोवती मुंग्या आल्या. त्या गालांवर पसरल्या, जिभेवर आल्या. मी पाण्याचा तांब्या उचलायला गेले आणि हात उचलला गेला नाही. जोर लावला तरी नाही. मन लख्ख जागं होतं, बाहेरच्या पॉवरलूमची खटखट ऐकू येत होती, आणि हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पडून होता. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. आपण मरतोय हे कळतंय आणि ओरडायला जीभ वळत नाही. सासूबाई माझ्या तळपायांना काशाची वाटी घासत होत्या.

आत्या त्या वेळी शेजारी पोचल्या होत्या. पुढचं मला शोभावहिनीने नंतर सांगितलं. आत्यांनी खोकं कुठे आहे विचारलं. तिने कौतुकाने बरणी दाखवली. आत्यांनी झाकण उघडलं. भुकटीत चमच्याचा खळगा होता.

"यात चमचा कोणी घातला?"

"चमचा? शेजारच्या काकू आरारोट न्यायला..."

आत्या अनवाणी धावत आमच्या घरात आल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि ओळखूच आला नाही, इतका मोठा होता. "काय खाल्लं? किती खाल्लं? कधी?" सासूबाईंनी पातेलं दाखवलं. आत्या आपल्या खोलीत जाऊन पुडी घेऊन आल्या आणि पाण्यात ती ओतून ढवळू लागल्या. जुलाबाचं मीठ. सासूबाईंनी ते ओळखलं आणि त्यांचा हात धरला.

"आधीच जुलाब होऊन राहिले, अन् हे देते? मारून टाकते का पोरीला?"

"बाई, बाजूला व्हा! पोटातलं विष बांधायला याशिवाय काही नाही. बाजूला व्हा म्हणते ना!"

मला मान वळवता येत नव्हती. आत्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठांना लावला. जिच्या वाऱ्याला उभं राहू नको म्हणून मला सांगितलं होतं, तिच्या हातचं ते कडू पाणी मी प्यायले. विश्वासाने प्यायले असं आज सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे तोंड फिरवण्याची ताकद नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फूड पॉइज़निंग है, सीज़न चल रहा है. सलाइन लगा देते हैं."

"डॉक्टर साब, बेरियम कार्बोनेट गया है पेट में," आत्या म्हणाल्या. "चूहे मारने में डालते हैं, वही. इसके खून में पोटॅशियम गिर रहा होगा. वो दीजिए."

डॉक्टरांनी त्यांच्या मळक्या लुगड्याकडे, पायांकडे पाहिलं. "माताजी, आप बाहर बैठिए."

त्या बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागद ओढून त्यावर भुकटीचं नाव इंग्रजीत लिहिलं, खाली संस्थेचा फोन नंबर लिहिला. "तीस साल से इसी को हाथ लगा रही हूँ. मेरी मत सुनो, इनसे पूछ लो. पर अभी पूछो." डॉक्टरांनी फोन लावला. बोलता बोलता ते खुर्चीतून उठले. त्यानंतर सगळं भराभर झालं.

चारच्या सुमाराला छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. आत्या कानाशी बसून माझे श्वास मोजत होत्या, मोठ्याने, मराठीत. एक. दोन. तीन. मध्येच एखादा आकडा यायला वेळ लागायचा.  दिवेलागणीला माझ्या उजव्या हाताची करंगळी हलली. ती आधी त्यांनीच पाहिली आणि तोंडात पदर कोंबून त्या भिंतीकडे वळल्या.

तीन दिवसांनी मी घरी आले, तर गल्लीत वेगळीच आग लागलेली. दवाखान्याने कळवलं म्हणून पोलीस येऊन गेले होते. सासूबाईंनी जबाबात सांगितलं की बरणी शोभाने स्वतः हातात दिली. भीतीपोटी सांगितलं, हे मला समजत होतं. सुनेला आपल्या हाताने विष घातलं हे कुठली बाई म्हणेल? पण दोन्ही घरांत पूर्वी भिंतीवरून भांडण झालं होतं, ते सगळ्यांना आठवलं. प्रभाकररावसुद्धा बायकोला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" शोभावहिनी दोन दिवस जेवली नव्हती. शिपाई पुन्हा येणार होता, तिला ठाण्यावर न्यायला.

तो आला त्या सकाळी आत्या खाली अंगणात उतरल्या. तोंडाला फडकं नव्हतं. गल्लीतली माणसं जमली होतीच.

"हिला नेऊ नका," त्या म्हणाल्या. "बरणीत कोणी भरलं, वाटीत कोणी घेतलं, ते सोडा. ते विष आहे हे या गल्लीत एकट्या मला ठाऊक होतं. इथे आले त्या दिवसापासून, सहा वर्षं ठाऊक होतं. आमच्या संस्थेत एका माणसाने न धुतलेल्या हाताने डबा खाल्ला होता, तो तीन दिवस पाय हलवू शकला नव्हता. मी ते डोळ्यांनी बघितलं. तरी भावाला सांगितलं, माती आहे. खरं सांगितलं असतं तर घरात ठेवू दिलं नसतं. मला काम सुटायची भीती वाटली. म्हणून तुम्हाला पाणी पाजलं नाही, हात धुवायला लावले, आणि का ते सांगितलं नाही."

 मग त्या पहिल्या घरापासून सुरुवात करून प्रत्येक दारात गेल्या आणि हेच पुन्हा सांगितलं. एका दारात त्यांच्या अंगावर पाणी फेकलं. एकीने लेकराला आत ओढून कडी घातली. आमच्या दारात त्या आल्या तेव्हा मी पलंगावर होते. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आत्यांचं ऐकून झाल्यावर त्या उठून शिपायाकडे गेल्या. "शोभानं नाही दिलं," त्या म्हणाल्या. "मीच घेतलं. लिहा तसं."

प्रकरण मिटलं. आत्यांना घर सोडावं लागलं. प्रभाकररावांनी गावाबाहेर जसोंडीच्या रस्त्याला एका केळीवाल्याची पत्र्याची गोदामवजा खोली बघून दिली. भट्टी बैलगाडीतून गेली.

मी पुढचे सात-आठ महिने त्यांना भेटले नाही. माझा जीव त्यांनी वाचवला होता आणि मला त्यांची भीती वाटत होती, दोन्ही खरं. दूध, मीठ, पिठीसाखर, पांढरं काही दिसलं की बोटांना मुंग्या यायच्या. शाळेत खडूसुद्धा मी रुमालात धरायची. एक दिवस शोभावहिनीच म्हणाली, "चल, जाऊन येऊ. एकट्या पडल्यात." तिनेच जावं म्हणणं मला लाजवून गेलं.

खोलीच्या दारावर आत्यांनी पत्र्याची पाटी लावली होती. मराठी, हिंदी, उर्दू तिन्हींत ठळक लिहिलं होतं: आत विष आहे, हाक मारा. मी बाहेरच थबकले. आत्या म्हणाल्या, "पाय उचलत नाही ना? बरं आहे. मला एक माणूस हवंय, सुनंदा. डबा उघडताना दोन जण असावेत, असं मी ठरवलंय. न भिणारे खूप मिळतात. ते नकोत."

मी तेव्हा नाही म्हणाले. दीड महिन्याने गेले. नंतर तीन वर्षं रविवारी जात राहिले. आम्ही डबा उघडण्याआधी त्यावरचं नाव एकीने वाचायचं आणि दुसरीने ऐकायचं. वजन मोठ्याने सांगायचं. हात धुतले की तेही सांगायचं. केळीच्या बागेतले मजूर आम्हाला हसायचे. तिसऱ्या वर्षी आत्यांची एक मूस संस्थेत पूर्ण सहा आठवडे टिकली. रस पोखरला नाही, चढला नाही, आणि त्यातून निघालेल्या स्फटिकाला पहिल्यांदाच कसला डाग नव्हता. संस्थेने तसं पत्र पाठवलं. आत्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "पुढची टिकेल का पण?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना घास गिळला की पोटात दुखू लागलं. अंगावर मांस उरलं नाही. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढायला सांगितला. मी आणि शोभावहिनी सोबत गेलो. तंत्रज्ञाने एका मोठ्या पेल्यात खडूसारखं पांढरं पातळ घोटून आणलं.

"ये पी लो, मावशी. बेरियम है. इससे पेट फोटो में सफ़ेद दिखता है."

आत्या स्टुलावरून उठल्या. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. बेरियमचं सल्फेट, जुलाबाच्या मिठाने माझ्या पोटातल्या विषाचं झालं होतं तेच, पोटात विरघळत नाही, जसं येतं तसं निघून जातं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"डब्बा दिखाओ," त्या म्हणाल्या.

"अरे मावशी, रोज़ बीस लोग पीते हैं."

"बीस लोगों ने डब्बा नहीं देखा होगा. दिखाओ."

त्याने हसत डबा आणून दिला. आत्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यांना चष्म्याशिवाय बारीक दिसत नव्हतं. "वाच."

मी वाचलं. सल्फेट.

"परत वाच. अक्षरं लावून."

मी एकेक अक्षर लावलं. माझ्या जिभेवर मुंग्या येत होत्या. चुकीचं वाचलं तर, या विचाराने डोळ्यांपुढची अक्षरं हलायला लागली. मी तो डबा खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि तिसऱ्यांदा वाचलं. शोभावहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती. गेल्या तीन वर्षांत ती इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकली होती. तीसुद्धा म्हणाली, "सल्फेटच आहे, ताई."

आत्यांनी पेला घेतला आणि डोळे मिटून सगळा प्यायल्या. मग माझं मनगट धरलं. "आता थोडा वेळ माझ्याशी बोलत राहा. जीभ जड झाली तर तुला कळेल."

मी बोलत राहिले. शाळेतलं, केळीच्या भावाचं, काहीबाही. त्या उत्तरं देत होत्या, आणि मी प्रत्येक उत्तरातला प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होते. मध्ये त्यांना टेबलावर घेतलं, कुशीवर वळवलं, फोटो काढले. बाहेर आल्यावर त्यांनी हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली.

"बास," त्या म्हणाल्या. चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा झाला होता. "मला काही झालं नाही."

आतल्या दारातून तंत्रज्ञाने मला खुणेने बोलावलं. ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली होती. पोट दुधासारखं पांढरं उमटलं होतं, आणि त्याच्या एका कडेला मुठीएवढ्या जागेत, गाठीने अडवल्यासारखं, पांढरं पोचलंच नव्हतं. तो आता हसत नव्हता. बाहेर बाकावर आत्या शोभावहिनीला म्हणत होत्या, भूक लागली, चल, आज काहीतरी गोड खाऊ.

त्या दिवाळीपर्यंत होत्या.